एअर फ्रायरमधले फ्राइज मऊ का पडतात आणि कुरकुरीत कसे करायचे (बटाटा, रताळं, गाजर, बीट, सुरण, सगळं धरून)

एअर फ्रायर घरात आला की पहिल्या आठवड्यात फ्राइज होतात आणि दुसऱ्या आठवड्यात प्रश्न सुरू होतात. मऊ पडले, वातड झाले, टोकं करपली पण मधे कच्चेच, सगळे एकमेकांना चिकटून गोळा झाला. लोक हे इतक्या वेळा विचारतात की म्हटलं एकदाच नीट लिहून काढू. बहुतेकांनी तोपर्यंत तापमान वाढवून बघितलेलं असतं, २०० डिग्री, अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं. पण घोळ तिथे नसतोच. घोळ मशीन चालू करायच्या आधीच्या पाऊण तासात झालेला असतो.

एअर फ्रायर काही तळत नाही. तो एक छोटा ओव्हन आहे, वर कॉइल आणि कॉइलच्या वर जोरात फिरणारा पंखा, बास. कढईत काडी गरम तेलात चहूबाजूंनी बुडालेली असते त्यामुळे तिच्यातलं पाणी सळसळ करत वाफ होऊन निघून जातं. गरम हवेला ते तितक्या झपाट्याने जमत नाही. आणि काडीच्या अंगावर जोवर पाणी आहे तोवर ती जागा १०० डिग्रीच्या वर फारशी जात नाही, मशीनवर आकडा २०० दाखवत असला तरी. खरपूस रंग आणि चव यायला १४० च्या पुढे जावं लागतं. म्हणजे ओल्या काड्या टाकल्या तर पहिली दहा मिनिटं मशीन नुसतं कपडे वाळवल्यासारखं पाणी वाळवत बसतं, तोवर आतला भाग शिजून गचका होतो आणि बाहेर कुरकुरीत व्हायला काही उरतच नाही.

म्हणून खाली जे काही आहे ते सगळं पाण्याबद्दल आहे. कुठे काढायचं, कधी काढायचं, आणि आपल्याच हाताने ते परत आत जाऊ नये म्हणून काय करायचं.

टप्पा १: कुठला कंद आहे ते आधी बघा

सगळ्यात मोठी चूक इथे होते, बटाट्याची रेसिपी घेऊन तीच गाजराला लावायची. बटाट्यात पाणी ७९ टक्क्यांच्या आसपास आणि स्टार्च १५ च्या आसपास. गाजर आणि बीटात पाणी ८८ च्या घरात, मुळ्यात तर ९५, आणि गाजरात स्टार्च जेमतेम एखाद टक्का, बाकी साखर. कुरकुरीत पापुद्रा हा स्टार्चचा होतो. साखरेचा रंग येतो, ती करपते, पण पापुद्रा नाही येत. त्यामुळे गाजर-बीटाला तो स्टार्च बाहेरून द्यावा लागतो, आणि दिला तरी ते बटाट्याइतके कडक होत नाहीत हे आधीच मान्य करून टाका. कडा कुरकुरीत, आत मऊ गोडसर, असे होतात आणि तसेच चांगले लागतात.

(बटाटा, सुरण, अळकुडी ही मुळं नाहीत, जमिनीखालची खोडं आहेत, असं कोणीतरी सांगणारच आहे म्हणून मीच सांगतो. सुरीला काही फरक पडत नाही.)

बटाट्यात जुना, पिठूळ बटाटा घ्या. ज्याची साल नखाने खरवडली तरी निघते तो नवा, त्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी, तो भाजीला ठेवा. आणि फ्रीजमधे ठेवलेला बटाटा शक्यतो नकोच, थंडीत त्याच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि मग काडी शिजायच्या आत तपकिरी होऊन बसते. हिरवट झालेला भाग आणि कोंब खोलवर कापून टाका, फारच हिरवा असेल तर बटाटाच टाकून द्या.

रताळं मधल्या घरातलं आहे, स्टार्च आहे पण साखरही बरीच, म्हणून त्याला बटाट्यापेक्षा तापमान कमी लागतं.

सावधान: सुरण आणि अळकुडी कच्ची कापून थेट एअर फ्रायरमधे टाकू नका. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्याने हाताला आणि घशाला खाज येते. ग्लोव्हज घाला किंवा हाताला तेल चोळा, आणि आधी पूर्ण उकडून घ्या. कसावा, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, त्याच्या बाबतीत तर हा नियम मोडायचाच नाही. त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. जाड साल पूर्ण काढून, तुकडे करून, भरपूर पाण्यात मऊ होईपर्यंत उकळायचे, ते पाणी फेकून द्यायचं आणि मगच फ्राइज.

टप्पा २: कापणं

जाडी १ सेंटिमीटर. अंदाज नाही येत तर करंगळीच्या नखाची रुंदी बघा, साधारण तेवढी. याहून बारीक केले तर पंख्याच्या हवेत सुकून काड्यापेटीतल्या काड्या होतात, याहून जाड केले तर आतलं शिजेपर्यंत बाहेरचं करपतं.

पण खरं सांगायचं तर आकडा ८ मिलिमीटर असो की १२, सगळ्या काड्या एकसारख्या असणं जास्त महत्त्वाचं आहे. अर्धे करपलेले अर्धे कच्चे ही जी तक्रार असते ना, ती दहातल्या नऊ वेळा सुरीची असते, मशीनची नाही.

आधी कंदाची एक बाजू पातळ कापून सपाट करा आणि त्या सपाट बाजूवर तो बसवा, मग तो गडगडत नाही. रताळं आणि सुरण तर इतकं घट्ट असतं की ही पायरी गाळली तर बोट कापायची खात्री. मग १ सेंटिमीटरचे चपटे काप, दोन-तीन काप एकावर एक ठेवून उभ्या काड्या.

गाजराचा वेगळा त्रास, वर जाड आणि खाली उंदराची शेपटी. लांबच्या लांब चिरलं तर प्रत्येक काडीचं एक टोक जाड आणि एक बारीक, बारीक टोक कोळसा होणारच. आधी गाजराचे आडवे दोन तुकडे करा. खालच्या बारीक तुकड्याचे उभे दोन भाग, वरच्या जाड तुकड्याचे चार किंवा सहा. टोकाचा अगदी बारीक भाग मी कापता कापता खाऊन टाकतो.

बीट शेवटी कापा. नाहीतर पाट, हात आणि बटाटे सगळंच गुलाबी.

तपासा: कापून झाल्यावर ढिगातली सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक काडी शेजारी ठेवा. जाड काडी बारीकच्या दुप्पट दिसत असेल तर जाडवाल्या परत चिरा. दोन मिनिटांचं काम आहे.

टप्पा ३: भिजवणं किंवा उकळणं

बटाटा आणि रताळं: कापल्या कापल्या गार पाण्यात, कमीत कमी अर्धा तास. कापताना पेशी फुटतात आणि मोकळा झालेला स्टार्च काडीच्या अंगावर चिकट थर होऊन बसतो, तो धुवायचाय. हात घालून खळबळवा, पाणी दुधासारखं गढूळ होईल, ते फेकून परत स्वच्छ पाणी. न धुतलेल्या काड्या एकमेकींना चिकटतात आणि वरून डागाडागांनी लाल होतात.

आता इथे मला लोक पकडतात, की वर म्हणालात कुरकुरीतपणा स्टार्चचा आणि आता तोच धुवून टाकायला सांगताय. अहो, अंगावरचा सुटा स्टार्च धुवायचा, काडीच्या पेशींमधला जागेवरच आहे की. अंगावरचा थर ओला, जाडापातळ, चिकट असतो. तो काढून त्याच्या जागी आपल्याला हवा तेवढा कोरडा स्टार्च टप्पा ५ मधे आपणच लावणार आहोत.

भिजवून थेट पुढे गेलात तरी चालेल. पण वेळ असेल तर बटाट्याला एक पायरी वाढवा, मला तरी फ्राइज वाळवण्याच्या खालोखाल सगळ्यात मोठा फरक याचा वाटतो. पातेल्यात १ लिटर पाणी उकळा, त्यात १ टेबलस्पून व्हिनेगर आणि थोडं मीठ, भिजवून निथळलेल्या काड्या त्यात ६ ते ७ मिनिटं. व्हिनेगर यासाठी की पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात पटकन विरघळत नाही, त्यामुळे काडी शिजते पण मोडत नाही. आंबट चव शेवटी जाणवत नाही. बाहेर काढल्यावर काडीच्या कडा किंचित पिठाळ, खरबरीत दिसायला हव्यात, तोच भाग नंतर कुरकुरीत होतो.

रताळं उकळू नका, फार लवकर लगदा होतो, त्याला भिजवणं पुरे. गाजर-बीट भिजवूही नका आणि उकळूही नका, त्यांच्यात आधीच इतकं पाणी आहे, अजून कशाला. सुरण, अळकुडी मात्र पूर्ण उकडून घ्यायची, सुरी आरपार सहज गेली पाहिजे. अळकुडी सालासकट उकडा, गार झाली की साल हाताने निघते, मग काड्या. उकडल्यावर ती चिकट असते, अर्धा तास फ्रीजमधे उघडी ठेवली तर नीट कापता येते.

तपासा: उकळलेली बटाट्याची काडी एका टोकाला धरून उचला. किंचित वाकली पण तुटली नाही तर बरोबर. दोन तुकडे झाले तर जास्त उकळली, त्या घाण्याचं काहीतरी दुसरं करा आणि पुढच्या वेळी दोन मिनिटं आधी काढा.

टप्पा ४: वाळवणं (हा टप्पा गाळायचा असेल तर बाकीचं करूच नका)

लोक इथे काय करतात, चाळणीत निथळत ठेवतात, एकदा झटकतात, झालं. चाळणीत निथळलेली काडी कोरडी नसते, फक्त टपकत नसते.

मोठा सुती टॉवेल किंवा जुनी सुती चादर अंथरा. काड्या एका थरात पसरा, एकीवर एक नको. वरून टॉवेलची दुसरी बाजू घडी घालून हलक्या हाताने दाबा, मग काड्या टॉवेलमधे मागेपुढे लोळवा म्हणजे चारी बाजू पुसल्या जातात. ओला झालेला टॉवेल बदला आणि पंख्याखाली १५ ते २० मिनिटं उघड्या ठेवा. उकळलेल्या काड्या दाबू नका, मोडतील, त्या गरम असतानाच पसरून ठेवल्या की अंगची वाफच पाणी घेऊन जाते, नुसता पंखा पुरतो.

वीस मिनिटांनी काडीला हात लावला की फरक कळतो. आधी गुळगुळीत, निसरडी लागते. वाळल्यावर बोटाला खडूसारखी किंचित अडकते आणि रंगही जरा फिका, मॅट दिसतो. हे एकदा बोटाला कळलं की मग घड्याळ बघावं लागत नाही.

तपासा: एक कोरडा टिश्यू घ्या आणि चार-पाच काड्यांवर दाबून तीनपर्यंत मोजा. ओला डाग उमटला तर अजून दहा मिनिटं.

सावधान: या टप्प्यावर मीठ लावायचं नाही. मीठ आतलं पाणी बाहेर ओढतं. मी एकदा घाईत बीटाच्या काड्यांना मीठ-मसाला लावून झाकून ठेवलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो, अर्ध्या तासाने झाकण काढलं तर भांड्याच्या तळाशी गुलाबी पाण्याचं तळं आणि काड्या लोंबकळणाऱ्या. ते परत कोरडं होत नाही, कितीही पुसा.

टप्पा ५: आधी पीठ, मग तेल

क्रम हाच. कोरड्या काड्या मोठ्या, पसरट भांड्यात घ्या, वरून कॉर्नफ्लोअर भुरभुरवा, दोन्ही हातांनी हलकेच वरखाली करा. ४०० ग्रॅम काड्यांचा हिशोब सांगतो: बटाट्याला १ टीस्पून (उकळलेला असेल तर तेही नको), रताळ्याला २ टीस्पून, गाजर-बीटाला १ टेबलस्पून. उकडलेल्या सुरणाला २ टीस्पून तांदळाचं पीठ लावून बघा, कॉर्नफ्लोअरपेक्षा कडक होतं.

जास्त पीठ म्हणजे जास्त कुरकुरीत असं नाही हां. जास्त झालं की वर पांढरे खडूसारखे डाग राहतात आणि जिभेला कच्चं पीठ लागतं. काडीवर धुक्यासारखा पुसट थर दिसला की थांबा.

मग तेल. ४०० ग्रॅमला २ टीस्पून, गाजर-बीटाला १ टेबलस्पून. तेल ओतून परत वरखाली करा, कोरडं पांढरं पीठ कुठेही दिसेनासं होईपर्यंत. कोरडं राहिलेलं पीठ पंख्याने उडतं आणि कॉइलवर जाऊन जळतं.

क्रम उलटा केला, म्हणजे आधी तेल आणि मग पीठ, तर पीठ तेलात गुठळ्या धरतं. काही काड्यांना लेप बसतो, काही उघड्याच.

तेल शून्य केलं तर चालेल का? हा प्रश्न येतोच, कारण मशीन त्यासाठीच घेतलेलं असतं. होतात फ्राइज, पण वातड होतात, बाहेरचा थर कुरकुरीत न होता चामड्यासारखा सुकतो. तेलाचा पातळ थर गरम हवेची उष्णता काडीच्या खाचाखोचांत पोचवतो, कोरड्या पिठाला शिजवतो. २ टीस्पून म्हणजे १० मिली, ते चौघांत वाटून खाणार, एवढं घाला.

सावधान: डब्यातून फवारायचे तयार कुकिंग स्प्रे बास्केटवर मारू नका. बऱ्याच स्प्रेमधे लेसिथिन असतं, त्याचा चिकट थर नॉनस्टिकवर बसतो आणि हळूहळू कोटिंगची वाट लागते. साध्या स्प्रे बाटलीत आपलं तेल भरा, किंवा हाताने चोळा, हातासारखं काही नाही.

मसाला, लसूण पावडर, तिखट, यातलं काहीही आत्ता नाही. २०० डिग्रीला लसूण पावडर कडू होते आणि तिखट जळून सगळ्या घराला ठसका. हे सगळं शेवटी.

टप्पा ६: भरणं

मशीन रिकामं ४ मिनिटं गरम करा, १८० वर. थंड बास्केटमधे टाकलं की पहिली काही मिनिटं काड्या नुसत्या कोमट होतात आणि तळाला चिकटतात.

किती भरायचं? ४ लिटरच्या बास्केटमधे साधारण ३०० ग्रॅम. मला माहितेय की खोक्यावर यापेक्षा बरंच जास्त लिहिलेलं असतं. बास्केटमधे तेवढं मावतं, कुरकुरीत होत नाही. गच्च भरलं की हवा वरून आदळून परत जाते, मधल्या काड्यांची वाफ तिथेच अडकते आणि तुम्ही फ्राइज वाफवता.

तपासा: भरल्यावर वरून बघा. काड्यांच्या मधून बास्केटच्या तळाची भोकं अधूनमधून दिसली पाहिजेत. थोड्या एकीवर एक आडव्यातिडव्या पडल्या तर हरकत नाही, हवेला वाट हवी. एकही भोक दिसत नसेल तर दोन घाणे करा.

सावधान: धुवायला नको म्हणून तळाला कागद घालू नका. एक तर भोकं बंद होतात. दुसरं, गरम करताना रिकाम्या बास्केटमधे नुसता कागद ठेवला तर पंखा तो उचलून कॉइलला चिकटवतो आणि तो पेटू शकतो. माझ्याकडे धुरावर निभावलं.

टप्पा ७: दोन तापमानं

एकाच तापमानाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि तेही सगळ्यात जास्त, हीच सवय सोडायचीये. आधी मध्यम तापमानाला आतून शिजवायचं आणि पाणी घालवायचं, मग वाढवून बाहेरून खरपूस करायचं.

बटाटा, नुसता भिजवलेला: १६० वर १२ मिनिटं, मग २०० वर ७ ते ९. आधी उकळलेला असेल तर १६० चा भाग ६ मिनिटांवर आणा. रताळं: १६० वर ८ मिनिटं, मग १९० वर ६ ते ८, त्याच्या वर नाही, साखर जळते. गाजर १८० वर ८ आणि मग १९० वर ६ ते ८. बीट १७० वर १० आणि मग १८० वर ६ ते ८, शेवटच्या तीन मिनिटांत समोरून हलू नका कारण बीटाचा रंग आधीच इतका गडद की करपलेलं डोळ्यांना कळत नाही, नाकालाच कळतं. सुरण, अळकुडी उकडलेलीच आहे, तिला दोन तापमानांची गरज नाही, थेट २०० वर १२ ते १४. मुळा करून बघायचा असेल तर बघा, गाजरासारखाच पण पाच मिनिटं जास्त, आणि अपेक्षा ठेवू नका.

हे आकडे माझ्या मशीनचे. तुमचं दहा-पंधरा डिग्री इकडेतिकडे असू शकतं, म्हणून पहिल्या वेळी शेवटची पाच मिनिटं दर दीड मिनिटाला उघडून बघा आणि जमलेला आकडा लिहून ठेवा. उघडल्याने बिघडत नाही, उलट आतली वाफ बाहेर पडते.

हलवायचं कधी? पहिली ६ मिनिटं अजिबात नाही, पिठाचा थर अजून ओला असतो आणि हलवलं की सोलून निघतो. त्यानंतर दर ४ मिनिटांनी बास्केट काढून दोन-तीन झटके. नुसतं डावीकडे उजवीकडे नको, खालचं वर यायला हवं, सुपात धान्य पाखडतो तसं. नाही जमलं तर चिमट्याने उलटवा. उकळलेल्या काड्यांना चिमटाच वापरा.

आणि कान द्या. पहिल्यांदा झटका दिला की काड्या थप थप पडतात, ओल्या कपड्यासारख्या. मधे कधीतरी आवाज नुसता घसरल्याचा येतो. तयार होत आल्या की बास्केटच्या धातूवर खडखड वाजतात, कोरड्या शेंगा वाजाव्यात तशा. मी आता रंगापेक्षा या आवाजावर जास्त भरवसा ठेवतो, विशेषतः बीटाच्या वेळी.

तपासा: एक काडी काढून अर्धा मिनिट गार होऊ द्या, मग एका टोकाला आडवी धरा. सरळ राहिली तर झालं. मान टाकली तर अजून दोन मिनिटं. गरम असताना बघू नका, बास्केटमधून काढल्या काढल्या सगळ्याच थोड्या मऊ लागतात, कडकपणा हवा लागल्यावर येतो. याच गैरसमजातून लोक अजून पाच मिनिटं लावतात आणि करपवतात.

बटाटा सोनेरी झाला की थांबा, तपकिरी नाही. पिठूळ पदार्थ १२० डिग्रीच्या वर भाजले की ॲक्रिलामाइड नावाचं नको असलेलं द्रव्य तयार होतं आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. कडवटपणा वेगळाच.

दुसरा घाणा असेल तर मशीन आधीच तापलेलं आहे, दोन मिनिटं कमी लागतील. तो झाला की पहिला घाणा त्यातच टाकून दोन्ही एकत्र २०० वर २ मिनिटं (रताळं, गाजर, बीट असेल तर १८० वर). या वेळी गच्च भरलं तरी चालतं, पाणी आधीच गेलंय.

टप्पा ८: बाहेर काढल्यावरची पाच मिनिटं

एवढं सगळं करून लोक फ्राइज खोल वाडग्यात ओततात आणि गरम राहावेत म्हणून वर ताट झाकतात. गेले. आतून वाफ येतच असते, ती झाकणाला लागून परत खाली टपकते, तीन मिनिटांत जिथून सुरू केलं तिथे परत.

जाळीवर पसरा, जाळी नसेल तर चाळणी उलटी करा. टिश्यूवर नको, इथे निथळायला तेल नाहीये, टिश्यू खालची वाफ धरून ठेवतो. मीठ लगेच, गरम असताना, आणि बारीक मीठ, जाड खडे घरंगळून खाली जातात. कोरडे मसाले चिकटत नसतील तर भांड्यात अर्धा टीस्पून तेल, त्यात तिखट, मिरपूड, लसूण पावडर जे हवं ते, आणि त्यात फ्राइज एकदा घोळवा. लिंबू पिळायचं असेल तर प्रत्येकाने आपल्या ताटात पिळावं.

तरीही बिघडले तर

मऊ पण रंग छान आला: ओल्या होत्या किंवा गच्च भरल्या. जाळीवर पाच मिनिटं पसरून गार करा आणि थोड्या थोड्या करून परत २०० वर ३ मिनिटं, बरंच सावरतं. वातड झाले, चावताना दात दुखतात: तेल कमी, किंवा कमी तापमानाला फार वेळ ठेवले. याला उपाय नाही, पुढच्या वेळी. बाहेर करपले आत कच्चे: सुरुवातच २०० ने केली, किंवा बटाटा फ्रीजमधला. धूर येतोय: बहुतेक वेळा खालच्या ट्रेमधे मागच्या वेळचं तेल साचलेलं असतं, ट्रे काढून पुसा. एका बाजूलाच भाजले जातात: तुमच्या मशीनची हवाच तशी फिरते, हलवताना बास्केटमधे जागा बदला.

उरलेले आणि आधी करून ठेवायचे

उरलेले मायक्रोवेव्हमधे नका गरम करू, १८० वर ३ ते ४ मिनिटं, तेल न लावता, एका थरात.

आधी करून ठेवायचे असतील तर उकळून वाळवलेल्या बटाट्याच्या काड्या (टप्पा ४ पर्यंत) ताटात सुट्या सुट्या मांडून फ्रीझरमधे दोन-तीन तास, दगडासारख्या झाल्या की मग पिशवीत. थेट पिशवीत भरल्या तर एक वीट तयार होते. करताना बाहेर काढून विरघळू देऊ नका, बर्फाचं पाणी सुटतं आणि वाळवलेलं सगळं वाया. गोठलेल्या काड्यांवर तेल चोळा आणि थेट गरम बास्केटमधे, २०० वर १५ ते १८ मिनिटं, पहिली ५ मिनिटं झाली की हलवून सुट्या करा. गाजर-बीट असं साठवू नका, विरघळताना त्यांचं पाणी पाणी होतं.

बास्केट गार झाल्यावर कोमट पाण्यात साबण घालून वीस मिनिटं भिजत ठेवा, कॉर्नफ्लोअरचा चिकटलेला थर आपोआप सुटतो, तारेची घासणी अजिबात नको. आणि धुतल्यावर पूर्ण कोरडी करून मगच आत सरकवा, नाहीतर पुढच्या वेळी पहिली चार मिनिटं परत पाणीच वाळत बसेल.